नदीकाठचा रस्ता आणि पायी चालणारा माणूस



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘नदीकाठचा रस्ता’ असे कळविले. ते ऐकून एका स्नेह्यांनी आम्हांस हटकले. म्हणाले, तुम्ही मजुरीवर बोला, बोनसवर बोला, भविष्यनिर्वाह निधीवर बोला. हवा खायच्या रस्त्याशी कामगार संघटनेचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही साधे आहे. आम्ही ज्यांच्यात उभा जन्म काढला त्या हमालांचा, रिक्षावाल्यांचा, भाजीवालीचा आणि फेरीवाल्याचा कारखाना म्हणजे रस्ताच. विडीच्या बायांना छप्पर असते ते घराचे. पण पान-तंबाखू आणायला आणि वळलेला माल ठेकेदाराकडे पोहोचवायला त्यांस रस्ताच तुडवावा लागतो. गिरणीत यंत्र बदलायचे ठरले की मालकाने कामगाराला विचारले पाहिजे, असे आम्ही म्हणत आलो. मग रस्ता बदलायचा ठरला तर रस्त्यावर पोट असणाऱ्याला विचारायला नको काय?

शिवाय रस्त्यावर मरतो कोण, हेही पाहावे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांपैकी 32,825 पायी चालणारी होती. म्हणजे पाचांत एक. ही माणसे कोणाला धडकली नव्हती, कोणाच्या पुढे जाण्याची शर्यत लावत नव्हती. पायी चालणाऱ्याला रस्ता मोकळा करून देणे ही चैनीची गोष्ट आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

आता नदीकाठाकडे वळू. आपल्याकडे नदीकाठ म्हणजे घाट. आपल्या जिल्ह्यात पवनीला जाऊन पाहा. वैनगंगेत उतरणाऱ्या त्या दगडी पायऱ्यांवर कोणी स्नानाला येते, कोणी पिंडदानाला, कोणी धुणे घेऊन, कोणी जाळे घेऊन. घाटाची रचनाच पायाच्या मापाची आहे. तेथे बैलगाडीदेखील उतरत नाही. मग ह्या काठांवर मोटारी आल्या कशा? त्याचे कारण इंजिनिअरांच्या हिशेबात आहे. गावाच्या मधून रस्ता रुंद करायचा तर घरे पाडावी लागतात, मालकांस भरपाई द्यावी लागते, दर शंभर पावलांवर चौक येतो. नदीकाठची जमीन सरकारी, तिचा मालक भांडायला येत नाही, आणि एका बाजूला पाणीच असल्याने त्या बाजूने आडवा रस्ता म्हणून येत नाही. काठावर राहणाऱ्या कोळ्या-धीवरांजवळ सात-बाराचा उतारा नसतो. स्वस्त रस्ता हवा असेल तर नदीकाठासारखी जागा नाही. जगात पुष्कळ शहरांनी हाच हिशेब केला.

पॅरिसने तो सर्वांच्या डोळ्यांत भरेल असा केला. 1967 च्या डिसेंबरात सीन नदीच्या उजव्या काठावरून शहर आडवे ओलांडणारा सुमारे तेरा किलोमीटरचा मोटाररस्ता खुला झाला. तेव्हाचे पंतप्रधान जॉर्ज पाँपिदू ह्यांचा त्यास मोठा पाठिंबा. पुढे त्यांचेच नाव त्या रस्त्यास दिले गेले. डाव्या काठावरही असाच रस्ता व्हायचा होता, पण 1974 मध्ये जिस्कार देस्तँ अध्यक्ष झाले आणि तो बेत सोडून देण्यात आला. पुढे तीस वर्षे उजव्या काठावर मोटारींची रांग धावत राहिली आणि नदीकडे जायचे तर पॅरिसकराला जीव मुठीत धरून जावे लागे.

बदल एकदम झाला नाही, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. 2002 साली महापौर दलानोए ह्यांनी उन्हाळ्याच्या सुटीपुरता हा रस्ता बंद केला, त्यावर वाळू पसरली, आरामखुर्च्या मांडल्या आणि ज्या घरांना समुद्रावर जाण्याची ऐपत नाही त्यांनी येथे यावे असे सांगितले. पुष्कळांनी टिंगल केली. पण माणसे आली. 2013 साली डाव्या काठाचा 2.3 किलोमीटरचा पट्टा मोटारींना कायमचा बंद झाला. आणि 2016 च्या सप्टेंबरात महापौर आन इदाल्गो ह्यांच्या कारकिर्दीत नगरसभेने उजव्या काठाचा 3.3 किलोमीटरचा पट्टाही पायी चालणाऱ्यांसाठी राखण्याचा ठराव केला. ह्या पट्ट्यावरून रोज सुमारे 43,000 मोटारी जात असत.

पुढे काय झाले ते ठराव मांडणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. ठरावापूर्वी जी सार्वजनिक चौकशी झाली तिच्या आयोगाने प्रतिकूल मत दिले होते. ते बाजूस सारून ठराव झाला. भोवतालच्या प्रांताच्या अध्यक्षा व्हालेरी पेक्रेस विरोधात उभ्या राहिल्या, लोक न्यायालयात गेले, आणि 2018 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ठराव रद्द केला. कारण असे दिले की, परिणामांचा जो अभ्यास ठरावापुढे ठेवला होता तो अपुरा व चुकीचा होता. वाहतूक कोठे वळेल, धूर आणि गोंगाट कोणाच्या दारी जाईल, हे त्यात नीट सांगितले नव्हते. महापौरांनी मार्चात दुसरा हुकूम काढला, ह्या वेळी आधार वारशाचा घेतला: सीनचे काठ 1991 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, तेथे मोटाररस्ता शोभत नाही. तो हुकूम ऑक्टोबरात टिकला, 2019 मध्ये अपिलातही टिकला. रस्ता बंद तो बंदच राहिला.

ह्यात दोन्ही बाजू आम्हांस समजतात. पॅरिस शहराच्या हद्दीत सुमारे एकवीस लाख माणसे राहतात, भोवतालच्या प्रांतासह ती एक कोटी वीस लाखांच्या घरात जातात. शहराच्या आतल्या निम्म्याहून अधिक घरांत मोटार नाही. भाडी परवडत नाहीत म्हणून बाहेर राहणारा जो कामगार आहे, जो पहाटेच्या पाळीला येतो, ज्याच्या वस्तीला रेल्वे नीट पोहोचत नाही, त्याला मोटारीवाचून गत्यंतर नाही. आणि नगरसभेला मत देतो तो आतला. बाहेरच्याला तेथे मतच नाही. पेक्रेसबाईंच्या पक्षाशी आमचे काडीचेही जुळणार नाही, पण त्यांनी विचारलेला हा प्रश्न खरा होता. उलट बाजूने हेही खरे की त्या रस्त्यावरच्या सगळ्याच मोटारी काही पहाटपाळीच्या कामगारांच्या नव्हत्या.

मोटारी गेल्या कोठे? काही वरच्या समांतर रस्त्यावर गेल्या. तेथील रहिवाशांना रात्री गोंगाट वाढल्याचा अनुभव आला. हवेची मोजणी करणाऱ्या संस्थेला बंद काठावर हवा सुधारलेली आढळली, पण जेथे बंद पट्टा संपतो तेथे ती बिघडलेली आढळली. आणि काही मोटारी नाहीशाच झाल्या. हे ऐकून हसू येईल, पण ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक आहे. 1998 साली लंडनच्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील साठाहून अधिक ठिकाणे तपासली, जेथे रस्ता बंद किंवा अरुंद झाला होता. बहुतेक ठिकाणी वाहतुकीचा काही भाग कोणत्याच रस्त्यावर पुन्हा सापडला नाही. कारण माणूस दोन खेपांची एक खेप करतो, वेळ बदलतो, आगगाडी धरतो, किंवा मुळात आवश्यक नसलेले जाणे टाळतो. नळाचे पाणी एका तोटीत अडविले की दुसरीतून तितकेच येते, तसा हा प्रकार नाही. मात्र ज्याला खेप टाळता येत नाही, त्याच्यासाठी बस आणि आगगाडी आधी पाहिजे. हा ‘आधी’ शब्द आपण विसरू नये.

तो शब्द ज्यांनी काही अंशी पाळला त्या शहराची हकीकत आता सांगतो. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तिच्या मधून चाँगग्येचान नावाचा ओढा वाहत असे. 1950 च्या दशकात तो घाण झाला म्हणून काँक्रीटने झाकून टाकण्यास सुरुवात झाली, पुढे झाकणावर रस्ता आणि रस्त्यावर पुन्हा खांबांवरचा दुसरा रस्ता. रोज दीड लाखाहून अधिक वाहने. 2003 च्या जुलैत महापौर ली म्युंग-बाक ह्यांनी तो सगळा पाडायला घेतला आणि 2005 च्या ऑक्टोबरात सुमारे 5.8 किलोमीटर ओढा उघडा करून दोन्ही अंगांनी पायवाटा खुल्या केल्या. मधल्या काळात, 2004 च्या जुलैत, शहराची बस-व्यवस्था मुळापासून बदलली: रुंद रस्त्यांच्या मधोमध बसला स्वतंत्र पट्टा, आणि बस व भुयारी रेल्वे ह्यांचे भाडे एकत्र. मोटार सोडणाऱ्याला चढायला काहीतरी आहे, एवढी तजवीज झाली. (ओढ्यात आज जे पाणी खळाळते ते बहुतांशी हान नदीतून पंपाने आणलेले आहे. नदी विकत घेतल्यासारखे हे आम्हांस वाटते, पण असो.)

ह्या ओढ्याच्या काठी आमच्यासारख्यांनी डोके टेकवावे असे एक ठिकाण आहे. त्या काठाला शिलाईचा मोठा बाजार होता, त्याचे नाव शांतता बाजार. ठेंगण्या माळ्यांवर, उभेही राहता येऊ नये अशा खोल्यांत, कोवळ्या वयाच्या मुली दिवसाचे चौदा-चौदा तास शिवणकाम करीत. चॉन ते-इल नावाचा बावीस वर्षांचा एक शिंपी कामगार कायद्याचे पुस्तक घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिला. कायदा होता, पाळणारा कोणी नव्हता. 13 नोव्हेंबर 1970 रोजी त्याने त्या बाजाराच्या दारात स्वतःस पेटवून घेतले. कोरियातील कामगार चळवळ त्या दिवसापासून आपले वय मोजते. आज ओढा उघडा झाल्यावर तेथील एका पुलावर त्याचा पुतळा आहे, आणि फिरायला येणारी माणसे त्याच्या जवळून जातात. मोटाररस्ता असता तर तेथे थांबायला कोणाला जागा मिळाली असती?

पण ह्याच कामात फेरीवाल्यांची जी परवड झाली ती पुतळ्याने झाकत नाही. रस्त्याच्या कडेने जुन्या वस्तू विकणारे शेकडो लोक होते. त्यांना जवळच्या दोंगदेमुन क्रीडांगणात जागा दिली. ती दिल्याला चार वर्षेही झाली नव्हती, तोच ते क्रीडांगण पाडून त्या जागी नवी देखणी वास्तू उभारण्याचे ठरले आणि 2008 मध्ये त्यांस पुन्हा उचलून दुसऱ्या वस्तीत नेले. दुकानदारांशी महापालिकेने हजारो बैठका घेतल्या म्हणतात. त्यांच्यासाठी शहराच्या पार आग्नेयेस मोठी व्यापारी इमारत बांधली. तेथील गाळे पुष्कळांस परवडले नाहीत आणि गेले ते थोडेच. बदलीचा हुकूम आला की गिऱ्हाईक आपल्याबरोबर येत नाही, हे आपल्या आठवडी बाजारातील कोणतीही भाजीवाली सांगेल.

घराजवळ येऊ. अहमदाबादेत साबरमतीच्या दोन्ही काठांवर सुमारे अकरा-अकरा किलोमीटरची पायवाट बांधली, तिचा काही भाग 2012 च्या ऑगस्टात खुला झाला. चालायला ती चांगली आहे. पण तिच्या वरच्या अंगाला मोटारींसाठी नवा रस्ताही झाला, म्हणजे नदी आणि गाव ह्यांच्यात पुन्हा वाहतूक आलीच. काठावर ज्यांच्या झोपड्या होत्या त्या हजारो कुटुंबांना 2005 पासून उच्च न्यायालयात झगडावे लागले, आणि बहुतेकांना दूरची घरे मिळाली. एलिस पुलाखाली रविवारी भरणारा गुजरी बाजार, ज्याची सुरुवात 1414 साली झाली असे सांगतात, त्यालाही न्यायालयात जावे लागले. संघटना जुनी होती म्हणून त्याला त्याच काठावर जागा मिळाली. 2022 मध्ये त्या नदीवर फक्त पायी चालणाऱ्यांसाठी अटल पूल झाला आणि त्यावर चालण्यास तीस रुपयांचे तिकीट लागले. पायाने चालण्याला तिकीट! रोजगार हमीवरच्या बाईने घरच्या चौघांना घेऊन त्या पुलावर जायचे तर तिच्या मजुरीतून किती वजा होईल, हा हिशेब येथे बसलेली कोणीही माउली तोंडी करील.

पुण्यात मुठेच्या पात्रातच मोटारींचा रस्ता आहे. खडकवासल्याचे पाणी सोडले की भिडे पूल आणि तो रस्ता पाण्याखाली जातो. दर पावसाळ्यात काही दिवस नदी आपला काठ परत घेते म्हणा. विठ्ठलवाडीपासून महामार्गापर्यंत पात्रात भराव टाकून आणखी एक रस्ता निघाला होता. नागरिक हरित न्यायाधिकरणात गेले आणि 2013 साली न्यायाधिकरणाने निळ्या पूररेषेच्या आत असा भराव चालणार नाही, असा निर्णय दिला. त्याच पुण्याने 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद करून पाहिला. दुकानदारांत कुरकुर होती. पण एका दिवसाने कोणाचे दिवाळे निघाले नाही, आणि मुले रस्त्याच्या मधोमध खेळली.

माथेरानचा उल्लेख मात्र केल्यावाचून राहवत नाही. महाराष्ट्रात मोटारमुक्त गाव म्हटले की सगळे त्याचे नाव घेतात. तेथे मोटार नव्हती, पण चढावर माणसे माणसांना रिक्षात बसवून ओढीत होती. हवा शुद्ध राहिली ती त्यांच्या फुप्फुसांच्या जोरावर. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई ह्यांच्या पीठाने, ही प्रथा सहा महिन्यांत थांबवा आणि ह्याच रिक्षाचालकांना विजेच्या रिक्षा भाड्याने मिळतील अशी योजना करा, असे राज्य सरकारला सांगितले. ह्या निर्णयाचे मोल आम्हांस एवढ्यासाठी वाटते की, जुना धंदा बंद करणाऱ्या वाक्याला जोडूनच त्या धंद्यातील माणसाच्या पोटाचे वाक्य आले आहे.

कायद्याचे बळही आपल्या बाजूस आहे. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरून निर्धोक चालण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले. फेरीवाल्यांसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्याप्रमाणे गावातील विक्रेत्यांची पाहणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही उठविता येत नाही. हलवायचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस लागते. आणि नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश बाया. हे दोन हक्क एकमेकांच्या अंगावर घालण्याची चाल पुष्कळ ठिकाणी खेळली जाते: चालणाऱ्याला सांगायचे की फेरीवाल्याने तुझा पदपथ खाल्ला, आणि फेरीवाल्याला सांगायचे की चालणाऱ्यांमुळे तुला उठवावे लागते. मधल्या मध्ये रस्त्याचा मोठा भाग मोटार उभी करायला वापरला जातो, त्याबद्दल कोणी बोलत नाही. चालणारा हाच फेरीवाल्याचा गिऱ्हाईक आहे. चाळीसच्या वेगाने जाणारा मनुष्य भुईमुगाच्या शेंगा घ्यायला थांबत नसतो.

आता आपली वैनगंगा. नागपूरहून येणारा महामार्ग भंडारा ओलांडून कारध्याच्या पुलाशी नदीला भेटतो. तेथे इंग्रजी अमदानीतला लहान पूल आहे आणि त्याच्या शेजारी मोठा. लहान पुलावरून पुराचे पाणी वाहिले की गावाला कळते, यंदा नदी काय म्हणते ते. 2020 च्या ऑगस्टच्या अखेरीस तिने जे केले ते येथे बसलेल्यांस सांगण्याची गरज नाही. वस्त्यांत पाणी, माणसे छपरांवर. म्हणून पहिली गोष्ट ही की ह्या काठावर सुशोभनाच्या नावाखाली भिंत आणि भराव घालू नये. पॅरिसचा काठ दगडी बांधाचा आहे, आपला वाळूचा आणि पुराचा आहे. तेथील चित्र पाहून येथे काँक्रीट ओतणे म्हणजे पुण्याने जे न्यायाधिकरणात ऐकले ते आपण पुन्हा ऐकायचे.

दुसरी गोष्ट काठावरच्या माणसांची. गोसेखुर्दची पायाभरणी 1988 साली झाली, तेहतीस दरवाज्यांचे धरण उभे राहिले, आणि मागे पाणी तुंबू लागले. वाळूत डांगरवाड्या लावणाऱ्या धीवर बंधूंच्या वाड्या त्या पाण्याखाली गेल्या. नागनदीची घाण कन्हानमधून वैनगंगेत येते, तिचा वास आणि तिची जलपर्णी जाळ्यात अडकते ती त्यांच्याच. आता जलाशयात जलपर्यटनाची योजना आहे. अंभोऱ्याला, जेथे मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ लिहिला अशी परंपरा आहे, तेथे उंच सज्जाचा नवा पूल झाला आणि लोक तो पाहायला जातात. हे सगळे व्हावे. परंतु नाव चालविण्याचा परवाना बाहेरच्या ठेकेदाराला आणि डोंगा चालविणारा त्याच्याकडे रोजंदारीला, अशी व्यवस्था झाली तर काठ पुन्हा स्वस्त जमिनीसारखाच वापरला गेला असे आम्ही समजू.

तिसरी गोष्ट रस्त्याची. महामार्गाची अवजड वाहतूक वळणमार्गाने शहराबाहेर गेली की मागे जुना रुंद रस्ता उरतो. हा रस्ता कोणाला मिळणार, हे बहुधा कोणी ठरवीत नाही. ज्याची गाडी आधी उभी राहते त्याला तो मिळतो. गावातून नदीकडे जाणाऱ्या तुकड्याबाबत आमची मागणी मोठी नाही. रोज संध्याकाळी दोन-तीन तास तो वाहनांना बंद करून पाहावा, रुग्णवाहिका आणि एस. टी. तेवढी सोडावी. सहा महिने तसे करावे. हातगाड्यांना जागा आखून द्यावी, ती पथविक्रेता समितीने आखावी. बंद रस्त्याच्या दोन्ही तोंडांशी रिक्षाचा थांबा असावा, म्हणजे म्हातारे माणूस तेथपर्यंत येईल आणि रिक्षावाल्याचे भाडे बुडणार नाही. तिकीट कोणालाच असू नये.

पण त्याच्याही आधी गणती पाहिजे, कारण पॅरिसचा ठराव पडला तो कच्च्या अभ्यासापायी. नगर परिषदेजवळ माणसे कमी असतील तर आमच्या हमाल बंधूंनी तीन दिवस उभे राहण्याची तयारी दाखविली आहे. पोती मोजणाऱ्यांना माणसे मोजणे अवघड नाही. एक दिवस साधा, एक आठवडी बाजाराचा, एक सणाचा. कागदावर रकाने पाडावेत: पायी जाणारे, सायकलवाले, हातगाड्या, रिक्षा, दुचाकी, मोटारी, ट्रक, पायी जाणाऱ्यांत डोक्यावर ओझे असलेल्यांचा रकाना वेगळा, आणि बाया व शाळेची मुले ह्यांचाही वेगळा. सकाळी पाचला सुरुवात करावी, नऊला नव्हे, कारण कामाला जाणारा मनुष्य पाचालाच निघालेला असतो. ही गणती उन्हाळा संपण्यापूर्वी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा अशी दोनदा घ्यावी. मधल्या पुराच्या दिवसांत काठाने जाणारी माणसे मोठ्या पुलावर लोटतात, तेव्हाचे आकडे ह्यात मिसळू नयेत.